सेंट मार्टिनला जाताय? आधी बाजू ठरवा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थंडी पडू लागली की एक प्रश्न हमखास येतो: "कॅनकून झालं, बहामाज झालं, आता कुठे?" कोणीतरी सेंट मार्टिन सुचवतं. लगेच पुढचा प्रश्न: "तिथे व्हिसा लागतो का?" मग दहा जण दहा उत्तरं देतात. गंमत म्हणजे त्यातली बहुतेक बरोबर असतात, फक्त प्रत्येक जण बेटाच्या एकाच बाजूबद्दल बोलत असतो.

कॅरिबियन समुद्रातलं हे बेट जेमतेम ८७ चौरस किलोमीटरचं. उत्तरेचा मोठा भाग फ्रान्सचा, त्याचंही नाव सेंट मार्टिनच, राजधानी मारिगो. दक्षिणेचा भाग सिंट मार्टेन, हा नेदरलँड्सच्या राजसत्तेतला स्वायत्त देश, राजधानी फिलिप्सबर्ग. २३ मार्च १६४८ रोजी दोघांनी करार करून बेट वाटून घेतलं आणि थोड्याफार कुरबुरी सोडल्या तर वाटणी आजही टिकून आहे. एक फ्रेंच आणि एक डच माणूस पाठीला पाठ लावून किनाऱ्याने चालत सुटले, डच गडी जिन पिऊन रेंगाळला म्हणून त्याला कमी जमीन मिळाली, ही गोष्ट प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो. ऐकून घ्या, हसा, खरी मानू नका.

रस्त्यावर सीमा दिसत नाही. ना चौकी, ना गेट. एक फलक, कुठे दोन झेंडे, डच बाजूच्या कोल बेकडून मारिगोला जाताना एक दगडी स्तंभ, एवढंच. पण हीच सीमा तुमच्या पासपोर्टात, पाकिटात, फोनमध्ये आणि भिंतीतल्या प्लगमध्ये पक्की असते. म्हणून खालची प्रत्येक पायरी वाचताना मनात एकच विचारा: हे कोणत्या बाजूचं?

१. मुक्काम कुठे, ते तिकिटाआधी ठरवा

मोठी विमानं डच बाजूच्या प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळावर उतरतात. तिकिटावर एसएक्सएम दिसेल. फ्रेंच बाजूला ग्राँ काझचा छोटा विमानतळ आहे. तिथून ग्वादेलूप, सेंट बार्ट्स अशी आसपासची विमानं सुटतात. म्हणजे हॉटेल कुठेही घ्या, बहुधा तुम्ही डच हद्दीतच उतरणार.

डच बाजूला मोठी रिसॉर्ट्स, कसिनो, रात्रीची जाग, अमेरिकन पद्धतीचा कारभार. फ्रेंच बाजूला शांत किनारे, बेकऱ्या, उत्तम जेवण आणि दुपारी बंद होणारी दुकानं. लहान मुलं आणि आईबाबा बरोबर असतील तर मी सिम्पसन बे किंवा मलेट बेच्या आसपास राहा म्हणेन. विमानतळ जवळ, किनारा जवळ, इंग्रजीवर सगळं भागतं. दोघंच असाल आणि खाण्याची आवड असेल तर सरळ ग्राँ काझ गाठा.

२. व्हिसा: दोन बाजूंचे दोन हिशेब

ही पायरी सावकाश वाचा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

अमेरिकन, कॅनेडियन, ब्रिटिश किंवा युरोपीय संघातल्या देशाचा पासपोर्ट असेल तर छोट्या सहलीसाठी दोन्ही बाजूंना व्हिसा लागत नाही. ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) इथे काही संबंध नाही.

भारतीय पासपोर्ट असेल तर डच बाजूसाठी मुळात 'कॅरिबियन व्हिसा' लागतो. तो नेदरलँड्सच्या वकिलातीमार्फत मिळतो आणि अरुबा, कुरासाओ, बोनेर वगैरे डच बेटांनाही चालतो. मात्र ग्रीन कार्ड असेल, किंवा अमेरिका, कॅनडा अथवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) चालू मल्टिपल एन्ट्री व्हिसा असेल, तर डच बाजूला सवलत आहे. भारतातून आलेल्या आईबाबांच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा अमेरिकेचा बी-१/बी-२ पर्यटक व्हिसा असतो, तो इथे कामी येतो. व्हिसा पासपोर्टवर छापलेला आणि मुदतीतला हवा. नुसता आय-७९७ चा, म्हणजे अमेरिकेतल्या अर्जाच्या मंजुरीचा, कागद पुरत नाही. तिकीट काढण्यापूर्वी नेदरलँड्सच्या परराष्ट्र खात्याच्या पानावर सध्याच्या अटी वाचा आणि ते पान प्रिंट करून जवळ ठेवा. चेक-इन काउंटरवरच्या माणसाला हा नियम पाठ असेलच असं नाही.

फ्रेंच बाजूचा हिशेब वेगळा. फ्रेंच सेंट मार्टिन युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. त्यामुळे "माझ्याकडे शेंगेन आहे, म्हणजे झालं" असं धरून चालू नका. फ्रान्स-व्हिसा या सरकारी संकेतस्थळावर प्रश्नावली असते. तिथे मुक्कामाचं ठिकाण म्हणून फ्रान्स न निवडता सेंट मार्टिन निवडा, तुमचा पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना भरा. व्हिसा लागतो असं उत्तर आलं तर अर्जातही तेच ठिकाण लिहा, म्हणजे व्हिसा त्या प्रदेशासाठी मिळतो.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न: सीमेवर कोणी तपासतच नाही, तर मग फ्रेंच व्हिसाची गरज काय? रोज हजारो माणसं इकडून तिकडे जातात आणि त्यांना कोणी थांबवत नाही, हे खरं. पण फ्रेंच जेंडार्म, म्हणजे पोलीस, रस्त्यात गाड्या थांबवून कागद पाहू शकतात, अपघात झाला की पहिला पासपोर्टच मागतात, आणि विमा कंपनीही "तुम्ही तिथे कायदेशीर होतात का?" असं विचारू शकते. तपासणी नाही याचा अर्थ नियम नाही असा होत नाही.

३. अमेरिकेत परत येण्याचा विचार जायच्या आधी करा

एच-१बी वाल्यांनो, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. पासपोर्टवरचा व्हिसा संपला असेल तर कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन जुन्या शिक्क्यावर परत येता येतं, हे तुम्ही ऐकलं असेल. ती सोय एच-१बी ला कॅरिबियन बेटांसाठी नाही. शिक्का संपलेला असेल तर सेंट मार्टिनहून परतीच्या विमानात बसता येणार नाही, आणि मग नव्या व्हिसासाठी अमेरिकन वकिलातीच्या तारखा शोधत बसावं लागेल.

एफ-१ (विद्यार्थी) आणि जे-१ (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना ही सोय या बेटांसाठीही आहे. संस्थेने दिलेल्या आय-२० किंवा डीएस-२०१९ या कागदावर प्रवासाची सही चालू असली पाहिजे. पण इथे एक तिढा आहे: व्हिसा संपलेला असेल तर अमेरिका परत घेईल, पण डच बाजूची सवलत त्या संपलेल्या व्हिसावर मिळणार नाही. मग कॅरिबियन व्हिसा काढावाच लागतो.

आईबाबांच्या बाबतीत एक भाबडी समजूत असते, की बाहेर चक्कर मारून आलं की नवे सहा महिने मिळतात. जवळच्या बेटांवर जाऊन आलेल्यांना आधीची उरलेलीच मुदत मिळू शकते. परत आल्यावर आय-९४, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद, ऑनलाइन उघडून तारीख बघा.

४. कागद

एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, फोनमध्ये फोटोही काढून ठेवा:

- पासपोर्ट, निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला
- व्हिसा किंवा ग्रीन कार्ड, आणि सवलतीच्या नियमाची प्रिंट
- परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग, पत्त्यासकट
- सिंट मार्टेनचं ऑनलाइन ई-डी कार्ड, म्हणजे प्रवेशाचा फॉर्म. हे निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावरच भरा. जास्तीचे पैसे घेऊन भरून देणारी खासगी पानंही सापडतात, त्यांच्या नादी लागू नका
- मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र
- वाहन परवाना
- प्रवास विमा, ज्यात दोन्ही प्रदेशांची नावं स्पष्ट लिहिलेली आहेत

शेवटचा मुद्दा कंटाळवाणा वाटतो, पण पॉलिसी घेताना देशांच्या यादीत एकच नाव टिचकवलं जातं. दोन्ही टिचकवा.

५. महिना

डिसेंबर ते एप्रिल कोरडी हवा, वारा, गर्दी आणि चढे भाव. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम. त्यातही ऑगस्टचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर सगळ्यात धोक्याचा. ६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा हे पाचव्या श्रेणीचं वादळ थेट बेटावरून गेलं. त्याच्या पडक्या खुणा अजून अधूनमधून दिसतात. सप्टेंबरमध्ये स्वस्त पॅकेज दिसलं तरी बरीच रेस्टॉरंट्स सुट्टीवर असतात, तेव्हा स्वस्ताईचा फारसा उपयोग नाही.

माझ्या मते मे किंवा नोव्हेंबरचा उत्तरार्ध उत्तम. ११ नोव्हेंबरला दोन्ही बाजू मिळून सेंट मार्टिन दिन साजरा करतात. कार्निव्हल मात्र वेगवेगळे: फ्रेंच बाजूचा फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, डच बाजूचा ईस्टरनंतर.

६. गाडी, टॅक्सी, बस आणि तो पूल

गाडी भाड्याने घ्या. बेट नीट बघायचं तर दुसरा मार्ग नाही. दोन्ही बाजूंना उजवीकडूनच चालवायची, वेगमर्यादा किलोमीटरमध्ये. न थांबता गेलात तर दीड-दोन तासांत सगळी फेरी होते. असं कागदावर. प्रत्यक्षात सिम्पसन बे आणि कोल बेच्या आसपास रोज गाड्यांची रांग लागते, आणि सिम्पसन बेचा उघडणारा पूल दिवसातून ठरावीक वेळी यॉटींसाठी वर जातो. त्या वेळी तुम्ही विमान गाठायला निघाला असाल तर गाडीत बसून लोकांच्या बोटी बघाव्या लागतात. पुलाच्या वेळा हॉटेलात विचारून फोनमध्ये टाकून ठेवा. खाडीवरून जाणारा दुसरा कॉजवे पूल आहे, तो कोल बेकडे निघतो. सिम्पसन बेची गर्दी टाळायला बरा.

गाडी घेताना विचारा: विमा दोन्ही बाजूंना चालतो ना? बहुतेक ठिकाणी चालतो, पण करारात तसं लिहिलेलं दाखवायला सांगा. ताब्यात घेण्यापूर्वी चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, टायर आणि छपरासकट. आणि किनाऱ्यावर गाडी लावताना आत काही म्हणजे काही ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा नाही. एकाकी पार्किंगमध्ये काचा फोडण्याचे प्रकार होतात.

टॅक्सीला मीटर नसतो. भाडं विभागाप्रमाणे ठरलेलं असतं. माणसं, सामान आणि रात्रीची वेळ यांवर वाढतं. बसण्यापूर्वी आकडा विचारा, आणि तो डॉलरचा की युरोचा हेही विचारा. स्वस्तात फिरायचं तर मिनीबस आहेत. पुढच्या काचेवर गावाचं नाव लिहिलेलं असतं, हात केला की थांबतात. सुटे डॉलर जवळ ठेवा. रात्री उशिरा त्यांच्या भरवशावर राहू नका.

७. पैसे

डच बाजूचं अधिकृत चलन ३१ मार्च २०२५ पासून कॅरिबियन गिल्डर. दर अमेरिकन डॉलरला १.७९ असा बांधलेला. पण सगळे व्यवहार डॉलरमध्ये होतात. सुटे गिल्डर हातात आले तर तिथेच खर्च करा, घरी आणून त्यांचं काही होत नाही. एटीएममधून काढताना डॉलरचा पर्याय निवडा.

फ्रेंच बाजूला युरो. काही रेस्टॉरंट्स रोख डॉलर 'एकास एक' घेतात, म्हणजे २० युरोचं बिल २० डॉलरला. युरो महाग असेल तेव्हा हा रोख व्यवहार फायद्याचा. कार्ड दिलंत तर युरोच लागतात. मशीनवर "तुमच्या चलनात द्यायचं का?" असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर नेहमी तुमच्या तोट्याचा असतो.

टिप देताना आधी बिल वाचा. फ्रेंच बाजूला सेवा किमतीतच धरलेली असते. डच बाजूला कधी सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं, कधी नसतं. दोनदा द्यायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

८. प्लग आणि फोन

डच बाजूला ११० व्होल्ट आणि अमेरिकन चपट्या पिना. फ्रेंच बाजूला २२० व्होल्ट आणि युरोपीय गोल पिना. फोन-लॅपटॉपचे चार्जर दोन्हीवर चालतात, फक्त ॲडॅप्टर हवा. अमेरिकेतला हेअर ड्रायर, इस्त्री किंवा आईसाठी बरोबर घेतलेली छोटी कुकरची इलेक्ट्रिक शेगडी फ्रेंच प्लगला लावली तर एकदाच चालेल.

फोनचं तर विचारूच नका. डच बाजूचा कोड +१ ७२१, फ्रेंच बाजूचा +५९०. समोर दिसणाऱ्या टेकडीपलीकडच्या हॉटेलला फोन लावला तर तो आंतरराष्ट्रीय कॉल. शिवाय फोन आपणहून पलीकडचा टॉवर पकडतो. युरोपातलं सिम असेल तर युरोपीय रोमिंग फ्रेंच बाजूला चालतं, डच बाजूला नाही. ऑयस्टर पाँडसारख्या सीमेवरच्या ठिकाणी बाल्कनीत एक नेटवर्क आणि न्हाणीघरात दुसरं. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडा. रोमिंग पॅक घेताना दोन्ही नावं यादीत आहेत का ते बघा. नकाशे आधीच उतरवून ठेवले तर निम्मी कटकट मिटते.

९. जेवण, विशेषतः शाकाहारींचं

ग्राँ काझ हे एका रस्त्याचं गाव. एका टोकाला महागडी फ्रेंच रेस्टॉरंट्स, मध्ये समुद्राला लागून 'लोलो'. लोलो म्हणजे उघड्या शेगडीवर भाजणाऱ्या टपऱ्या. अर्ध्या कापलेल्या पिंपांत कोळसे, त्यावर रिब्ज, कोंबडी, मासे, लॉबस्टर. धूर सरळ डोळ्यांत. लाकडी बाकावर बसायचं, कागदी ताटलीत चार पदार्थ घ्यायचे, समोर समुद्र. मांसाहारी असाल तर इथे दोन वेळा जेवा आणि महागड्या रेस्टॉरंटचे पैसे वाचवा.

शाकाहारींनी तीन गोष्टी लक्षात ठेवा. 'राइस अँड पीज' मधले पीज म्हणजे मटार नाहीत, बहुधा पिजन पीज म्हणजे आपली तूर किंवा राजम्यासारखी कडधान्यं. पण भात शिजवताना त्यात खारवलेलं मांस घालायची पद्धत आहे, तेव्हा विचारून घ्या. 'आक्रा' दिसायला हुबेहूब आपल्या मूगभज्यांसारखे, गरम, कुरकुरीत, पण आत खारवलेला कॉड मासा असतो. भाजीचे आक्राही मिळतात, नाव घेऊन मागा. आणि तळलेली केळी, मॅकरोनी पाय, कोलस्लॉ, जॉनीकेक यांवर ताट भरतं. जॉनीकेक ही तळलेली जाड पुरीसारखी भाकरी. मुलं आवडीने खातात.

डच बाजूला भारतीय जेवण मिळतं, कारण फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर दागिने, घड्याळं, इलेक्ट्रॉनिक्सची बरीच दुकानं सिंधी व्यापाऱ्यांची आहेत. हिंदीत बोला, चहा विचारतील. भाव कमी होईलच असं मात्र नाही. बंदरात क्रूझ लागलेली असेल त्या दिवशी फ्रंट स्ट्रीट टाळा.

सकाळचा नाश्ता फ्रेंच बेकरीत. लवकर जा; दहानंतर चांगलं काही उरत नाही.

१०. किनारे: कुठे काय सांभाळायचं

माहो. धावपट्टीच्या टोकाशी असलेली वाळूची अरुंद पट्टी, वरून विमानं डोक्याला लागतील अशी जातात. प्रचंड बोईंग ७४७ आता येत नाही. केएलएम या डच विमान कंपनीने ते इथून २०१६ मध्ये बंद केलं. तरी पॅरिस आणि ॲमस्टरडॅमची मोठी विमानं बघण्यासारखी असतात, बहुधा दुपारी येतात. उतरणारं विमान मजेचं, उडणारं धोक्याचं. मोठं विमान उडताना इंजिनाचा झोत कुंपणावर येतो, वाळू सुयांसारखी टोचते, टॉवेल आणि टोप्या थेट समुद्रात. लोक कुंपणाला लटकतात. २०१७ मध्ये एका पर्यटक बाईचा त्या झोताने फेकली जाऊन मृत्यू झाला. मुलांना कुंपणाच्या रेषेत उभंच करू नका. कडेला, बारच्या बाजूला थांबा. फोटो तिथूनही चांगले येतात.

पोहण्यासाठी मलेट बे आणि ग्राँ काझ बरे. ओरिएंट बे हा फ्रेंच बाजूचा सर्वांत नावाजलेला किनारा, लांबलचक आणि सुंदर. त्याच्या दक्षिण टोकाला लोक कपड्यांशिवाय असतात. सासूबाईंना घेऊन सकाळच्या फेरफटक्याला निघणार असाल तर उत्तरेकडे वळा. पूर्वेच्या किनाऱ्यांवर वसंत-उन्हाळ्यात सरगॅसम शैवाल येऊन साचतं, त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. तेव्हा पश्चिमेला जा.

मँचिनील हे झाड ओळखायला शिका. किनाऱ्याजवळ, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं. फळ, पान, चीक सगळं विषारी. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. काही ठिकाणी बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो, सगळीकडे नसतो. मुलांना खाली पडलेलं फळ उचलू देऊ नका.

निवांत अर्धा दिवस हवा असेल तर कुल-द-सॅकहून छोट्या बोटीने पिनेल बेटावर जा: उथळ पाणी, इग्वाना, सावली. डोंगर आवडत असेल तर पिक पॅराडी, ४२४ मीटर, बेटाचं सर्वोच्च टोक. मारिगोच्या फोर्ट लुईवर पायऱ्या चढून गेलात की खालचं बंदर आणि पलीकडे अँग्विला दिसतं.

११. काही झालंच तर

डच बाजूला पोलीस ९११, रुग्णवाहिका ९१२. फ्रेंच बाजूला जेंडार्म १७, वैद्यकीय मदत १५, अग्निशमन १८. मोठं रुग्णालय डच बाजूला के हिल इथे आणि फ्रेंच बाजूला मारिगोत आहे. अपघात ज्या बाजूला झाला त्याच बाजूचे पोलीस येतात, म्हणून फोन करताना आपण कुठे आहोत हे आधी सांगा.

१२. शेजारची बेटं आणि परतीचा दिवस

मारिगोहून अँग्विलाची फेरी अर्ध्या तासाच्या आत पोचते, सेंट बार्ट्सलाही बोटी जातात. मोह होतो. पण अँग्विला ब्रिटिश प्रदेश आहे, सेंट बार्ट्स फ्रेंच, आणि दोघांचे प्रवेशाचे नियम वेगळे. अँग्विलाहून परत येताना पुन्हा इमिग्रेशनपुढे उभं राहायचं असतं. बोटीचं तिकीट काढण्याआधी पासपोर्टचा हिशेब परत एकदा मांडा, आणि पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत विसरू नका.

परतीच्या दिवशी फ्रेंच बाजूहून निघत असाल तर विमानाच्या चार तास आधी निघा. शनिवार-रविवारी विमानांची आणि माणसांची दोन्हींची गर्दी असते. पेट्रोल आदल्या रात्रीच भरा, पुलाची वेळ बघा, आणि उरलेले गिल्डर विमानतळावरच्या कॉफीत संपवा.